अकराव्या मिनिटाला पाली

दत्ताराम पावसकरांनी आयुष्यातला सर्वांत लांब व्हॉइस मेसेज पाठवला तो सोळा मिनिटांचा. त्यातली पहिली दोन मिनिटं नमस्कारात आणि प्रस्तावनेत गेली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर कोणी एकट्या सान्वीच्या डोक्यावर फोडणार नाही.

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला, दोन गॅरेजांच्या मधे, लग्नाचं सामान भाड्याने देणारं एक गोदाम आहे. पावसकर तिथले सुपरवायझर. एकतीस वर्षं झाली. कुठल्या गावात कुठपर्यंत टेम्पो जातो, कुठल्या हॉलची लिफ्ट नेमकी मुहूर्ताला बंद पडते, कुठल्या घरचा काका खुर्च्या तीनतीनदा मोजून हुज्जत घालतो, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर म्हणाल तर एक ओळ नाही. ही माहिती पुढे जायची ती दुपारी चारच्या चहाला, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून, तपशीलवार आणि गोष्टीगोष्टींतून. थोरले शेठ स्वतः ऐकायला बसायचे. कधी कधी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लावायचे.

थोरले शेठ गेले आणि त्यांचा मुलगा पराग गादीवर आला. हा पराग लोणावळ्याला दोन दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेला आणि येताना चिक्कीबरोबर ‘कम्युनिकेशन पॉलिसी’ घेऊन आला. गोदामात हाका मारायच्या नाहीत, कामाचे फोन करायचे नाहीत, जे काय असेल ते ऑफिसच्या अ‍ॅपवर, ग्रुपमध्ये. शिवाय त्याने सान्वी नावाची एक सव्वीस वर्षांची मुलगी ऑपरेशन्स हेड म्हणून आणली. पावसकरांची नोकरी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होती. हा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी मांडला आणि घरी येऊन दोनदा सांगितला.

“काका, एक महिना बघू,” पराग गोड बोलत म्हणाला. “ग्रुपवर जमलं तर उत्तमच. नाहीच जमलं तर तुम्ही आमचे सल्लागार. घरूनच.”

सल्लागार! आधीचे स्टोअरकीपर नाथा म्हात्रे तीन वर्षांपूर्वी असेच सल्लागार झाले होते. त्यांना आजतागायत कोणी एक सल्ला विचारलेला नव्हता. रोज सकाळी ते बागेत भेटायचे आणि “आज कुठली ऑर्डर आहे रे?” असं इतक्या आशेने विचारायचे, की पावसकरांनी अलीकडे बागेची वेळच बदलली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसून करायचं काय? अनसूयाबाईंना स्वयंपाकघरात सल्ले द्यायचे? तो धोका पत्करण्यापेक्षा अ‍ॅप शिकलेलं परवडलं.

अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी लागतो. पावसकरांचा ऑफिसात नोंदलेला नंबर, कोण जाणे कसा, अनसूयाबाईंचा होता. आकडा त्यांच्या फोनवर आला.

“सांग लवकर, किती आलाय?”

“नाही सांगणार.”

“अगं, मला हवाय तो!”

“यात काय लिहिलंय बघा. कोणालाही सांगू नका. कोणालाही म्हणजे कोणालाही.”

“मी तुझा नवरा आहे!”

“त्या पलीकडच्या विंगमधल्या बाईंचे पैसे गेले, तेव्हा फोनवरचा माणूसपण असाच ‘लवकर सांगा, लवकर सांगा’ करत होता.”

तीन वेळा आकडा आला, तीन वेळा बाई अढळ राहिल्या आणि चौथ्या वेळी पावसकरांचं खातंच बंद पडलं. ते उघडायला अर्ज हवा. अर्ज करायचा तो अ‍ॅपमधूनच, आणि अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी. शेवटी सान्वीनेच ऑफिसातून कुठलं तरी बटण दाबलं आणि “झालं काका,” असा दोन शब्दांचा मेसेज टाकला. ती बसते ते टेबल पावसकरांपासून बारा पावलांवर होतं. तेवढी बारा पावलं चालून बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही.

आणि बोलायला जावं तर बाईसाहेबांच्या कानांवर ते मोठे हेडफोन. पावसकर एकदा तिच्या मागे जाऊन उभे राहिले. हाक मारायची नाही, पॉलिसी आहे. खांद्याला हात लावायचा नाही, ते तर शोभतच नाही. मग ते खोकले. पुन्हा खोकले. सात मिनिटं वेगवेगळ्या पट्टीत खोकून ते परत फिरले, तर मागून ग्रुपवर मेसेज आला, ‘पावसकर काकांना बरं नाहीये का? सुट्टी हवी असेल तर फॉर्म भरा.’

राहता राहिलं टायपिंग. एका बोटाने मराठी टाइप करायचं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. ‘टेम्पो निघाला’ एवढं लिहून होईपर्यंत टेम्पो परत आला होता.

तोडगा दिला शेजारच्या महेंद्रभाईंनी. “अरे दत्ताभाई, लिखने का टेन्शन क्यूं लेते हो? ये माइक दबाने का और बोलने का. मैं तो सुरत में साली को आधा आधा घंटा भेजता हूं.” साली काय म्हणते ते त्यांनी सांगितलं नाही आणि पावसकरांनी विचारलं नाही. बोलायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. पण नुसतं बोलून कसं चालेल? ऑफिसचं काम आहे, चारचौघं ऐकणार. म्हणून ते तळमजल्यावरच्या विमलाबाईंकडे गेले. विमलाबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना शिकवायला कोणी मिळालेलं नव्हतं.

“पावसकर, कुठल्याही लेखनाला प्रस्तावना हवी, विस्तार हवा आणि समारोप हवा,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कुठे ठेवायचा?”

“कुठे?”

“शेवटाकडे! ऐकणाऱ्याच्या मनात तोच राहतो.”

पावसकरांना हे पटलं. आजवर आपल्याला असं नीट कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून त्यांना वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर रोज सकाळी त्यांचे बोल घुमू लागले. “सर्व सहकारी बंधू-भगिनींना दत्ताराम पावसकर यांचा सप्रेम नमस्कार. आज मी आपणांसमोर वसईच्या ऑर्डरविषयी चार शब्द बोलणार आहे...” चार शब्द दहा मिनिटं चालायचे. घरी अनसूयाबाई चहा घेता घेता ऐकून मान डोलवायच्या. मेसेजच्या खाली कधी अंगठा यायचा, कधी दोन हात जोडलेले. पावसकर खूश. महिना संपायला आठ दिवस होते आणि सल्लागारपद दूर दूर चाललं होतं.

आणि मग एका दुपारी ते पातेल्यांच्या रॅकमागून ऑफिसकडे येत असताना त्यांना एक विचित्र आवाज ऐकू आला. कोणी तरी घाईघाईने, चिरक्या आवाजात, एका दमात काहीतरी बडबडत होतं. ‘सर्वसहकारीबंधूभगिनींना’ हे ऐकल्यावर त्यांचे पाय जागच्या जागी थिजले. तो त्यांचाच आवाज होता. सान्वीने तो दुप्पट वेगाने लावला होता. शेजारी ड्रायव्हर रोशन पोट धरून हसत होता, आणि सान्वी हसत नव्हती, पण ओठ दाबून धरले होते, जे पावसकरांना जास्तच लागलं.

एकतीस वर्षं. थोरल्या शेठनी ज्याचं बोलणं बसून ऐकलं त्याचं हे असं! ते तसेच मागे फिरले. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहादेखील घेतला नाही. वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून वाईट वाटलं होतं, आणि ते कोणाला सांगायचं तर अ‍ॅपवर सांगावं लागलं असतं.

त्याच दिवशी सकाळी त्यांनी पालीच्या लग्नाचा मेसेज टाकला होता. सोळा मिनिटं! त्यांचा विक्रम. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून पाली आहे, मच्छीमारांचं गाव. शनिवारी संध्याकाळी सातला रिसेप्शन, पाचशे खुर्च्या, साठ टेबलं, पातेली, काउंटर. आता, पालीच्या गल्ल्यांतून समोरून एक स्कूटर आली तर दुसरीला पाय टेकून थांबावं लागतं. मोठी गाडी उत्तनच्या नाक्यावर थांबवायची आणि तिथून छोट्या टेम्पोने फेऱ्या मारायच्या, हे पावसकरांना झोपेतही माहीत होतं. तसं त्यांनी मेसेजमध्ये सांगितलंही होतं. विमलाबाईंच्या शिकवणीप्रमाणे शेवटाकडे, अकराव्या मिनिटाला. पुढची पाच मिनिटं समारोप होता.

शुक्रवारी सान्वी चक्क उठून त्यांच्याजवळ आली. हेडफोन गळ्यात. “काका, उद्या पालीची ऑर्डर आहे ना? तिथलं काही स्पेशल आहे का? गाडी वगैरे?”

हाच तो क्षण. एका वाक्याचं काम होतं. पण दुखावलेला माणूस एक वाक्य बोलत नाही. पावसकरांनी मान न वळवता उत्तर दिलं, “मेसेजमध्ये आहे.”

ती हेडफोन कानांवर चढवून परत गेली.

शनिवारी पावसकर मुद्दाम उशिरा आले, तोवर सामान गेलेलं. दुपारी साडेतीनला सान्वी धावत धावत गोदामात आली. पॉलिसी विसरून तिने चक्क हाक मारली. “काका! आयशर अडकलाय! पालीत!”

“आयशर? एवढा मोठा ट्रक गावात घातला?”

“तुम्ही नको म्हणाला नव्हतात!”

“म्हणालो होतो! अकराव्या मिनिटाला!”

सान्वीचं तोंड उघडं राहिलं. “मी चौथ्या मिनिटापर्यंत ऐकला. मग कस्टमरचा फोन आला,” ती हळूच म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पराग होता. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा उतरला. “सोमवारी दोघांना केबिनमध्ये बोलावलंय. लग्नवाल्यांनी त्यांना फोन केला होता. रिसेप्शन झालं नाही तर... तुम्हाला ते सल्लागार करणार म्हणतायत. आणि मला प्रोबेशनवरून काढणार.”

म्हणजे या मुलीचीसुद्धा नोकरी टांगणीला लागलेली होती! पावसकरांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी कधी विचारलं होतं कुठे? ते मुकाट्याने उठले. “चल.”

जायचं कसं? तिची स्कूटर. पावसकर आयुष्यात कधी बाईमाणसाच्या मागे स्कूटरवर बसलेले नव्हते. त्यात ते हेल्मेट गुलाबी. भाईंदरचा पूल ओलांडताना आपल्या सोसायटीतलं कोणी बघत नाही ना म्हणून त्यांनी मान खाली घातली, आणि नेमके सिग्नलला महेंद्रभाई. “अरे दत्ताभाई! कहां चले?” पावसकरांनी आपण पावसकर नसल्यासारखं समोर पाहिलं.

मुर्धा गेलं, राई गेलं, मोर्वा गेलं. रस्ता जरा मोकळा झाल्यावर सान्वी पुढे बघतच बोलली. “काका, एक सांगू? रागावू नका. मला तुम्हाला काही विचारायची भीती वाटते. मी विचारते एक, तुम्ही सुरू करता थोरल्या शेठपासून. मग मधेच तोडलं तर उद्धट दिसेन म्हणून मी विचारतच नाही.”

“आणि मला तुझ्याशी बोलायची भीती वाटते,” पावसकर वाऱ्यात ओरडले. “कानात कायम ते असतं!”

“त्यात काही लावलेलं नसतं हो. गोदामात एवढी पातेली आपटतात, माझं डोकं दुखतं.”

ते खोकले.

“आणि त्या दिवशी मी तुमचा मेसेज पळवत होते तेव्हा तुम्ही मागे उभे होतात ना? रोशनने नंतर सांगितलं. सॉरी काका. हसायला नको होतं.”

“बरं, बरं. समोर बघ, म्हैस आहे.”

पालीत पोचले तेव्हा अर्धं गाव गल्लीत जमलेलं होतं. आयशरचं एक चाक गटाराच्या कडेला, डावा आरसा एका घराच्या खिडकीत, उजवी बाजू विजेच्या खांबाला टेकलेली. रोशन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. पुढचा रस्ता पूर्ण बंद, आणि लग्नाचं मैदान पुढेच. नवरीचा मामा धाकू समोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

“आवो, गारी पुढं जानार न्हाय, मागं येनार न्हाय! सात वाजता लोकं येतील ती कशाव बसतील? रेतीवर?”

सान्वी फोन उघडून नकाशा बघू लागली. “दुसरा रस्ताच दाखवत नाहीये, काका.”

“त्यात नसेल. बोंबील सुकवायच्या काठ्या आहेत ना, त्यांच्या मागून समुद्राच्या कडेने पायवाट आहे. मैदानाच्या मागच्या बाजूला निघते. स्कूटर जाते. काय धाकूमामा?”

“हाय की!” धाकूमामा चमकला. “तुमाला कसं ठाव?”

“थोरले शेठ होते तेव्हा एकदा...” पावसकरांनी सुरुवात केली. सान्वीकडे बघितलं. थांबले. त्यांना शारीरिक कष्ट झाले, पण थांबले. “मग सांगतो. दुचाकी गाड्या किती आहेत गावात?”

गाड्या खूप होत्या. घरटी एक. सान्वीने तिथल्या तिथे गावातल्या बावीस पोरांचा ग्रुप केला. पावसकर आयशरच्या मागच्या फाळक्यावर चढले आणि फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाले, “सर्व मच्छीमार बंधूंना...”

“काका!”

“टेबलं आधी. दोघांत एक. मागची वाट.”

“बस. पाठवलं.”

मग जे सुरू झालं ते पालीत अजून सांगतात. पावसकर वरून एकेक ओळ सांगायचे, खाली सान्वी ती टाइप करायची आणि बावीस फोन एकदम वाजायचे. जिथे फोन पोचत नव्हता तिथे पावसकरांचा गळा पोचत होता. पहिल्या फेरीतली आठ टेबलं चुकून दुसऱ्याच घराच्या अंगणात गेली, तिथे बारसं होतं. ती सोडवून आणायला धाकूमामाला नात्यातलं भांडण काढावं लागलं. एका पोराने मागे बायकोला बसवून तिच्या मांडीवर सहा खुर्च्या रचल्या आणि काठ्यांवरचे बोंबील खाली आणले, त्यावर एका म्हातारीने पावसकरांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सान्वीने त्याच गडबडीत ऑफिसच्या अ‍ॅपवर घटनेची नोंद करायला घेतली. घटनेचा प्रकार विचारला होता, चोरी, मोडतोड की आग. तिने फोन खिशात घातला.

सव्वासहाला शेवटची खुर्ची गेली. आणि तेव्हा नवीनच लफडं झालं. सामान उतरल्यावर आयशर हलका होऊन चार बोटं वर उचलला गेला आणि वरच्या गॅलरीच्या पत्र्याला लागला. पोरांनी आरसा सोडवला, चाक गटाराच्या कडेवरून काढलं, पण पत्र्यामुळे आता तो मागेही घेता येईना. आणि पाहुणे त्याच गल्लीतून येणार.

“परत वजन हवं,” पावसकर कपाळाला हात लावून म्हणाले. “पाचशे खुर्च्या परत आणायच्या का?”

“खुर्च्या कशाला?” सान्वी म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी वऱ्हाड येऊन ताटकळलं होतं. भरजरी साड्या, कोट, गॉगल. “माणसं बसवू.”

हे धाडस सव्वीस वर्षांच्या माणसालाच सुचतं. आणि लग्नाला आलेल्या कोळणींना भरजरी साडीत रिकाम्या ट्रकवर चढायला लावणारा गळा अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडेच असतो. “चला मावशी, चला! आज वरात इथूनच! मामा, हात द्या!” साठ-सत्तर माणसं चढली. पत्रा सुटला. कोणी तरी गाणं धरलं, टाळ्या सुरू झाल्या आणि रोशनने एक एक वीत करत गाडी उलटी बाहेर काढली. सात वाजून दहा मिनिटांनी नवरी खुर्चीत बसली. सान्वीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

सोमवारी दोघं केबिनमध्ये उभे राहिले. परागच्या समोर पॉलिसीचा कागद होता.

“चूक कोणाची ते मला कळू दे,” तो म्हणाला.

“माझी,” सान्वी म्हणाली. “मी मेसेज पूर्ण ऐकला नाही.”

“माझी,” पावसकर म्हणाले. “ती विचारायला आली होती. मी फुगून बसलो होतो. सांगितलं नाही.”

परागने हातातलं पेन खाली ठेवलं. भांडण सोडवायची तयारी करून आलेल्या माणसाचं असं झालं की तो गोंधळतो. “पण ग्रुपवर तर सगळे असतात. बाकी कोणी कसं ऐकलं नाही?”

“तुम्हीपण आहात त्या ग्रुपवर, सर,” सान्वी म्हणाली. उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने.

परागने पॉलिसीचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, “सकाळी पालीहून फोन होता. त्या धाकूमामाच्या मुलाचं लग्न आहे डिसेंबरात. ऑर्डर देतायत. पण म्हणाले, सामान कसंही पाठवा, ते ओरडणारे काका आणि ती पोरगी, दोघं आली तरच.” त्याने पेन पुन्हा उचललं. “आता हे पुढे कसं चालवायचं? थोडक्यात सांगा, काका.”

पावसकरांच्या डोक्यात प्रस्तावना तयार होती. विस्तार होता. समारोप तर दोन होते. त्यांनी सान्वीकडे पाहिलं.

“मी बोलेन, ती लिहील,” ते म्हणाले. “रोज. समोरासमोर बसून.”

“दहा मिनिटं,” सान्वी म्हणाली.

“पंधरा.”

“बारा.”

“ठरलं,” पराग म्हणाला आणि त्याने सान्वीचं प्रोबेशन संपल्याच्या कागदावर सही केली. पावसकरांसाठी सही करायला कुठलाच कागद नव्हता, कारण त्यांचं काही बदलायचंच नव्हतं.

संध्याकाळी अनसूयाबाई दाराशीच उभ्या होत्या. दिवसभर त्यांचा कशातच जीव लागला नव्हता. भाजी करपली होती, दूध उतू गेलं होतं, आणि विमलाबाई दोनदा चौकशी करून गेल्या होत्या.

“काय झालं हो?”

“राहिलो,” पावसकर म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, आरामात खुर्चीत बसले. अनसूयाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एका शब्दात उत्तर दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी हळूच नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मग त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, समोरची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

“हं. आता नीट सांगा. अगदी पहिल्यापासून. मला काही घाई नाही.”

पावसकर सावरून बसले. त्यांनी घसा साफ केला.

“थोरले शेठ होते तेव्हाची गोष्ट...”